आम्ही का आपण?

इंग्रजीतल्या ‘वी’ या शब्दावर विश्वास ठेवू नये, हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. ते मी सिडनीत शिकले, एका ट्रेनिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये, आणि शिकवणारे होते साठीला टेकलेले एक मराठी गृहस्थ. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते मला म्हणाले होते, “आपल्याकडे कसं, ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की समोरच्याला बरोबर कळतं, आपल्याला बोलावणं नाही. या लोकांकडे दोन्हीला एकच शब्द. मग पंगतीत कोण आहे आणि कोण नाही, ते पानं वाढल्यावर कळतं.”

त्यामुळे कोणीही ‘वी’ म्हणालं की ते लगेच विचारायचे, “विच वी?” मग ती मीटिंग असो, साइटवरच्या गप्पा असोत, नाहीतर कोणाच्या वाढदिवसाचं भाषण. एकदा ऑफिसातल्या एका गोऱ्या माणसाने डोळ्यांत पाणी आणून ‘वी आर हॅविंग अ बेबी’ अशी बातमी दिली, तेव्हाही यांनी विचारलं. सेंटरमधली पोरं त्यांना पाठीमागे ‘विच-वी’ म्हणत. मी काका म्हणायचे. आधी सर म्हणून पाहिलं होतं, पण ते म्हणाले, “सर शाळेत. इथे सगळे मेट.” साठीच्या माणसाला मेट म्हणायला माझी जीभ काही वळेना, म्हणून मग काका.

मी त्या सेंटरमध्ये काय करत होते, हे माझ्या आईलाही चारचौघांत धड सांगता येत नसे. पुण्याला इलेक्ट्रिकलचं बीई, सिडनीत मास्टर्स, मग आयटीत टेस्टिंगची नोकरी, आणि मग एके दिवशी एका छोट्याशा व्हिडिओ कॉलवर ती नोकरी गेली. तेव्हा आमचं स्कोफिल्ड्सचं घर बांधून होत होतं. रिकामी होते म्हणून मी रोज तिथे जायचे आणि वायरिंग करणाऱ्या माणसांच्या मागे मागे फिरायचे. कॉलेजात जे मी कागदावर सोडवलं होतं ते हे लोक हाताने करत होते आणि शेवटी खोलीत दिवा लागत होता. मला ते फार आवडलं. इतकं, की तिशी उलटून गेल्यावर मी इलेक्ट्रिशियनची अ‍ॅप्रेंटिस झाले.

“म्हणजे वायरमनच ना गं?” आईने विचारलं. नंतर नातेवाइकांना तिने ‘पॉवर सेक्टरमध्ये आहे’ असं सांगितलं, म्हणजे तसं खोटंही नाही. केलीव्हिलच्या आमच्या मराठी मैत्रिणींपैकी एकीने “वॉव, हाऊ ब्रेव्ह!” म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बघशील का म्हणून मेसेज केला. नवरा म्हणाला, “तुला आवडतंय ना, मग कर.” पण आयटीतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती तो अधूनमधून मला पाठवत राहिला. चुकून पाठवल्या म्हणायचा.

काका समजायचे तर आधी ही सगळी व्यवस्था समजली पाहिजे. सेंटर चालवणारी आमची कंपनी अर्धी युनियनची आणि अर्धी कंत्राटदारांच्या संघटनेची. अ‍ॅप्रेंटिस या कंपनीचे. कंपनी त्यांना एकेका कंत्राटदाराकडे कामाला पाठवते, त्याला म्हणतात होस्ट. होस्टने काम द्यायचं आणि शिकवायचं, आणि नको झालं तर परत करायचं, लायब्ररीचं पुस्तक परत करतात तसं. कमिटीवर दोन्हीकडची सारखीच माणसं, अध्यक्षपद एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. बाहेर एकमेकांना कोर्टात खेचणारी मंडळी महिन्यातून एकदा आमच्याकडे एका टेबलाभोवती बसून आमचं भलं चिंतत. काका म्हणायचे, “लग्न दोन्हीकडच्यांनी मिळून काढलंय. म्हणून तर मांडवात पाणी कोणी भरायचं ते ठरत नाही.”

काका होते फील्ड ऑफिसर. साइटसाइटवर फिरून आमच्यासारख्यांना खरंच काही शिकवतायत की नुसता झाडू हातात दिलाय, हे बघणं त्यांचं काम. त्यांची एक पांढरी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, होती आणि त्या यूटमध्ये पुढच्या सीटवर दोन थर्मास असायचे, एक लाल आणि एक निळा. साइटवर स्मोकोला, म्हणजे सकाळच्या चहाच्या सुट्टीला, ते बरोबर हजर व्हायचे. लाल थर्मास युनियनच्या माणसासाठी, निळा मालकाच्या माणसासाठी. दोघेही आपापल्या थर्मासमधला आलं घातलेला चहा पिऊन खूश. मी एकदा चोरून दोन्हीतला चहा चाखून पाहिला, तर एकच.

“अहो काका, दोन्हीत सेमच चहा आहे!”

“मग? दोन पातेली चढवू का?” ते म्हणाले. “अगं, पहिल्या वर्षी एकच थर्मास नेत होतो. मालक विचारायचा, हा त्यांना आधी दिला का? युनियनवाला विचारायचा, याचे पैसे कोण देतंय? दोन थर्मास केल्यापासून दोघं गुमान पितात. याला जॉइंट मॅनेजमेंट म्हणतात.”

दुसऱ्यांच्या ‘वी’चा एवढा हिशोब ठेवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं ‘आपण’ मात्र भलतंच सैल होतं. ते मूळचे कल्याणचे. तिकडच्या रीतीप्रमाणे ‘मी’ म्हणायचं असलं की ते ‘आपण’ म्हणत. “आपण साखर नाही घेत.” “आपण उद्या येत नाही.” शिवाय कोणाशी अदबीने बोलायचं झालं की समोरचाही ‘आपण’च. त्यामुळे ‘आपण बघू’ असं काका म्हणाले की ते बघणार, मी बघणार, की दोघांनी मिळून बघायचं, याचा पत्ता लागत नसे. मी एकदा हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. “छे! आपण असं कधी बोलत नाही,” ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट सेंटरमधल्या सगळ्यांच्या लक्षात आलेली होती. काका कधीही कुठल्याही हत्याराला हात लावत नसत. हात कायम पाठीमागे. समोर कोणाचा स्क्रूड्रायव्हर पडला तरी बुटाच्या टोकाने दाखवायचे, उचलायचे नाहीत. बोलण्यातून मात्र कामाची जाण कळायची. “बंद केलंय असं जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. वायर मेली आहे की नाही ते आपल्या हाताने तपासायचं. माणसांनी दिलेल्या शब्दाचंही तसंच.” या हात न लावण्याबद्दल पोरांमध्ये नाना दंतकथा होत्या. कोणी म्हणे इंडियात त्यांना मोठा शॉक बसला होता, कोणी म्हणे त्यांच्या धर्मात चालत नाही. मला वाटायचं, ऑफिसर झाल्याची ऐट असेल.

एका दिवाळीत त्यांनी आम्हा नवराबायकोला क्वेकर्स हिलच्या घरी फराळाला बोलावलं होतं. काकू नर्स, बोलायला फटकळ आणि हाताला चव. स्वयंपाकघरात वरचा दिवा बंद होता आणि फ्रिजवर एक टेबललॅम्प मान वाकडी करून ओट्याकडे बघत होता. मी म्हटलं, “काकू, छान मूड लायटिंग केलंय.” काकूंनी काकांकडे नुसतं बघितलं. काका चकलीकडे बघू लागले. मेलबर्नहून त्यांच्या लेकीचा फोन आला, तिला काकूंनी मुद्दाम स्पीकरवर ठेवून विचारलं, “अगं, दिव्याचं काय करू?” लेक म्हणाली, “मम, आय कान्ट डू धिस अगेन. बाबा, जस्ट कॉल अ स्पार्की!” स्पार्की म्हणजे इकडच्या भाषेत इलेक्ट्रिशियन. काकांनी स्पीकर बंद केला आणि मला अजून एक चकली वाढली.

आता माझी गोष्ट. तिसऱ्या वर्षी मी एका फ्लॅट्सच्या मोठ्या साइटवर होते. तिथल्या फोरमनला माझं काय करावं ते कळत नव्हतं. त्याच्या आईपेक्षा मी लहान होते आणि त्याच्या बायकोपेक्षा मोठी, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं असावं. तो माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागायचा आणि सभ्यपणेच मला लेबलं चिकटवायला, केबल ओढायला आणि स्विचरूम झाडायला लावायचा. मेन बोर्डाच्या कामाला माझा नंबर कधी लागला नाही. बोर्डाचं काम केल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही आणि परीक्षेशिवाय लायसन्स नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कंपनीला निरोप गेला की मी ‘गुड फिट’ नाही, आणि मला परत करण्यात आलं.

मला न्यायला काका यूट घेऊन आले. माझी हत्यारांची पेटी मीच उचलून मागे ठेवली. ते हात पाठीमागे बांधून उभे होते. गाडी सुरू झाल्यावर म्हणाले, “रडायचं असेल तर रड. आपण समोर रस्त्याकडे बघतो.”

“कोण बघतंय रस्त्याकडे? मी पण?”

“आपण म्हणजे मी गं. गाडी मी चालवतोय ना.”

मी रडता रडता हसले. पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते. बांधकामं थंडावली होती, होस्ट मिळत नव्हते. तिशी उलटलेली, डोक्यावर घराचं कर्ज, अर्धवट शिकलेली बाई कोण घेणार? होस्ट मिळाला नाही तर अ‍ॅप्रेंटिसशिप तिथेच थांबवून ठेवतात, आणि थांबलेल्या गोष्टी पुन्हा सुरू होतातच असं नाही. मला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. इतकं साधं काही मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

मग मी सेंटरवर बसून जुन्या केबलचे तुकडे निवडू लागले आणि काका फोन करू लागले. दुपारी त्यांच्या खोलीतून तेच तेच ऐकू यायचं. पलीकडचा म्हणायचा, “नो वरीज मेट, वी विल सॉर्ट हर आउट.” काका म्हणायचे, “विच वी?” आणि पलीकडून फोन ठेवला जायचा.

कमिटीची मीटिंग आली. अ‍ॅप्रेंटिसांचा प्रतिनिधी म्हणून एक खुर्ची असते, मत नसलेली, ती त्या वर्षी माझी होती. युनियनकडून मुख्य बोलणारा एक धिप्पाड लाल दाढीवाला. प्रत्येक साइटच्या कुंपणावर त्याच्या युनियनचे स्टिकर लागलेले असत: जिथे अ‍ॅप्रेंटिस नाही, तिथे काम नाही. मालकांकडून एक टायवाला, स्वतः मोठा कंत्राटदार. वार्षिक जेवणात ‘उद्याच्या पिढीत गुंतवणूक’ या विषयावर तो फार भावुक भाषण करायचा. काकांच्या रोजच्या कटकटीमुळे या दोघांनाही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द पाठ झाले होते. दाढीवाला ‘आपान’ म्हणायचा. टायवाला उच्चार चांगला करायचा, पण कुठला शब्द कुठला, यात त्याचा गोंधळ व्हायचा.

माझा विषय निघाला. टायवाला माझ्याकडे बघून गोड हसला. “शी इज अ ग्रेट किड,” तो म्हणाला. मी त्याच्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असेन. “डोन्ट वरी. वी विल फाइंड हर समथिंग.”

“विच वी?” काका म्हणाले.

दाढीवाल्याने हसत हात पसरले. “आपान, मेट! ऑल ऑफ अस.”

“सगळे मिळून,” काका माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, “सात सुगरणी, भाजी अळणी.”

दाढीवाल्याला शब्द बरोबर आठवला, मग आपण मागे कसं राहायचं, असं टायवाल्याला वाटलं असणार. त्याला दुजोराच द्यायचा होता. तो टेबलावर हात ठेवून ठामपणे म्हणाला, “अ‍ॅब्सोल्यूटली. आम्ही.”

काकांनी हातातला कप खाली ठेवला.

“थँक यू,” ते म्हणाले. “म्हणजे तुम्ही. फक्त तुमची बाजू. युनियन यात नाही.”

“नो, नो. आय मेन्ट दि अदर वन.”

“शब्द तुमचा आहे. अर्थ सगळ्यांना माहीत आहे. मिनिट्समध्ये घ्या, मालक पक्ष म्हणतो, आम्ही.”

दाढीवाला इतका हसला की टेबलावरची बिस्किटं हलली. टायवाला लालबुंद झाला. काका दाढीवाल्याचं हसू संपेपर्यंत शांतपणे थांबले, आणि मग त्याला अगदी मायेने म्हणाले, “तुमच्या ऑफिसचा मेन बोर्ड बदलायचा आहे ना? काम कोणाला दिलंय?”

“सम मॉब आउट वेस्ट,” दाढीवाला म्हणाला, म्हणजे पश्चिमेकडची कुठली तरी कंपनी.

“त्यांच्याकडे अ‍ॅप्रेंटिस किती?”

दाढीवाला दाढी खाजवू लागला. कुंपणावरचे ते स्टिकर खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आले असणार. टायवाल्याला उकळ्या फुटल्या. त्याने हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका त्याच्याकडे वळले. “आणि तुमच्या कंपनीने शेवटचा अ‍ॅप्रेंटिस कधी घेतला होता? जेवणाच्या भाषणातला नाही, खरा.”

टायवाल्यानेही तोंड मिटलं. घरोघरी मातीच्या चुली. 

“चला,” काका म्हणाले, “दोन आम्ही झाले. आता त्यांचं एक आपण करू.”

तसंच झालं. टायवाल्याच्या कंपनीने दाढीवाल्याच्या ऑफिसचं काम घेतलं आणि त्या कामावर अ‍ॅप्रेंटिस म्हणून मी गेले. नाही म्हणायची कोणाचीच सोय उरली नव्हती. मीटिंगनंतर कॉरिडॉरमधून जाताना दोघंही काकांशी एक शब्द बोलले नाहीत.

“काका, चिडलेत ते,” मी म्हटलं.

“चिडू दे. आपण बघून घेऊ.”

त्या वेळी मला ते दोघांचं ‘आपण’ वाटलं होतं.

ते काम मी मन लावून केलं. माझ्याबरोबरचा कारागीर कमी बोलणारा होता, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, “यू डू इट, आय विल वॉच.” इतक्या दिवसांत मला हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं. बोर्ड चालू झाला त्या दिवशी दोन्हीकडची मंडळी फोटो काढायला आली. पुढच्या महिन्यात युनियनच्या बातमीपत्रात माझा फोटो आला, खाली लिहिलं होतं ‘अवर अ‍ॅप्रेंटिस’. मालकांच्या बातमीपत्रातही तोच फोटो, त्याच्याखालीही ‘अवर अ‍ॅप्रेंटिस’. मी ती दोन्ही पानं काकांना पाठवली. त्यांचं लगेच उत्तर आलं, “विच अवर?”

वर्ष संपायच्या आत कमिटीने एक ठराव केला. फील्ड ऑफिसरच्या पदाची ‘पुनर्रचना’ करायची होती, त्यामुळे काकांची मुदत वाढवायची नव्हती. ठराव टायवाल्याने मांडला, दाढीवाल्याने अनुमोदन दिलं आणि तो एकमताने पास झाला. माझ्या खुर्चीला मत नव्हतं हे सांगितलंच आहे. मी उठून बोलले, आवाज चढवून बोलले, आणि त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतलं.

निरोपाच्या कार्यक्रमाला दोन भाषणं झाली, दोन्हींचा शेवट ‘वी विल मिस यू, मेट’ असाच होता. मागून कुठलं तरी कार्टं ओरडलं, “विच वी?” सगळा हॉल हसला, सगळ्यात जास्त काका. मग दोन्ही बाजूंनी मिळून त्यांना भेट दिली. थर्मास दिला. एक.

मला फार राग आला होता आणि फार वाईट वाटत होतं. मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. “काका, हे माझ्यामुळे झालं. तुम्ही आपण बघून घेऊ म्हणालात आणि बघितलं तुम्ही एकट्याने.”

“काहीतरीच,” ते म्हणाले. “उलट बरं झालं. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं कशावर एकमत होत नव्हतं, ते झालं. आपलं काम संपलं.” यूटमध्ये लाल आणि निळा थर्मास होते, त्यांच्या मध्ये त्यांनी नवा नीट उभा केला आणि त्याला सीटबेल्ट लावला.

पुढच्या वर्षी मी परीक्षा पास झाले आणि लायसन्स हातात आलं. आईने ते व्हिडिओ कॉलवर उलटंसुलटं करून दाखवायला लावलं. काकांना फोन केला तर अभिनंदन वगैरे काही नाही. म्हणाले, “शनिवारी ये. हत्यारं घेऊन ये.”

हिवाळ्याचे दिवस, पाचलाच काळोख पडायला लागलेला. क्वेकर्स हिलच्या त्या स्वयंपाकघरात टेबललॅम्प अजून फ्रिजवर मान वाकडी करून बसला होता आणि त्याच्या उजेडात काकू पोळ्या लाटत होत्या. मी वर बघितलं. दिवा नुसता गेलेला नव्हता, त्याचं वायरिंग जळून काळं पडलं होतं.

“काका, अहो हे तर अर्ध्या तासाचं काम. तुम्हीच का नाही केलं?”

 काकू पोळी उलटत म्हणाल्या, “कसं करणार? लायसन्स कुठाय त्यांना?”

मला वाटलं, चेष्टा करतायत.

“मी नर्स म्हणून आले, हे माझ्या पाठोपाठ,” काकू म्हणाल्या. “कल्याणहून जाऊन अंबरनाथच्या कारखान्यात आख्खी जवानी वायरमनकी केलेली. इथे म्हणाले, ते कागद चालतात, पण एक वर्ष कोणाच्या तरी हाताखाली काम करून दाखवा, मग लायसन्स. हे युनियनकडे गेले, मालकांकडे गेले. दोघं म्हणाले, नो वरीज मेट, वी विल सॉर्ट यू आउट. तोवर सेंटरमध्ये बसा म्हणाले, तात्पुरते. बसले ते परवा उठले. आणि हा दिवा गेला तेव्हा म्हणे, दुसरा कोणी हात लावायचा नाही. माझा कागद आला की मी करीन.”

“आता रिटायर झालो,” काका म्हणाले. “म्हणजे कागद येत नाही हे नक्की झालं. म्हणून तुला बोलावलं.” मग जरा वेळाने, दिव्याकडे बघत, म्हणाले, “त्यांची चूक नाही गं. ते बरोबर ‘वी’ म्हणत होते. मला वाटलं, ‘आपण’ म्हणतायत.”

 मी शिडी उघडली, मेन बंद केला, तपासला. काकांनी तो बंद केल्याचं बघितलं होतं तरी म्हणाले, “परत तपास.” मी परत तपासला. मग टॉर्च त्यांच्यापुढे धरला.

“धरा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “टॉर्च धरायला लायसन्स लागत नाही ना?”

“नाही.”

तेव्हा पहिल्यांदा त्यांचे हात पाठीमागून पुढे आले. जाडजूड, बोटांवर जुने चट्टे असलेले हात होते. मला कुठे उजेड हवा ते सांगावं लागलं नाही. माझं बोट जिथे जाणार तिथे टॉर्च आधीच पोचलेला असायचा.  काकूंनी गॅस बारीक केला आणि लाटणं हातात घेऊन बघत उभ्या राहिल्या.

नवा दिवा बसला. मी मेन चालू करून आले, तर काका भिंतीवरच्या बटणासमोर उभे.

“लाव,” ते म्हणाले.

“आपण लावू.”

“विच…” ते म्हणायला गेले आणि थांबले. मग त्यांनीच बटण दाबलं.

एकदम लख्ख उजेड पडला. टाइल्सवरचे तेलाचे डाग दिसले, फ्रिजवरची धूळ दिसली, काकांचे ओले डोळे दिसले. “बघितलंस?” ते काकूंना म्हणाले. “शेवटी आपण लावला की नाही दिवा?”

काकूंनी डोक्यावरच्या दिव्याकडे बघितलं, मग हातातल्या लाटण्याकडे.

“हो तर,” त्या म्हणाल्या. “दिवा लावला आपण. आणि इतकी वर्षं अंधारात पोळ्या लाटल्या, त्या मात्र आम्ही.”

काकांनी फ्रिजवरचा टेबललॅम्प खाली उतरवला. दोन्ही शब्द काकूंनी जिथल्या तिथे वापरले होते.